मठार

कॅमेरा अडला बोर्डीच्या किनाऱ्यावर,
सातव्या लाटेला.
आधीच्या सहा मिळाल्या होत्या.
त्यातल्या चार पांढऱ्याफटक,
एक तिरकी,
एक माझ्याच अंगठ्याची.

सोमवारी तांबट गल्लीतला तो जिना चढलो.
खाली धाकट्या भावाचं दुकान, बंब, घंगाळी, कळशा,
आणि दिवसभर ठोके.
वर मोरूकाका, ठोक्यांच्या डोक्यावर बसून
पांढऱ्या रुमालावर कॅमेरे उलगडणारे.
हात काळ्या पिशवीत घालून त्यांनी आधी रीळ सोडवलं,
मग तळाचे चार स्क्रू.
डोळ्यात भिंग अडकवलं
आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

चिमट्याने एक कण उचलला,
नखावर घेतला, जिभेला लावला.
"मीठ. गुडघाभर पाण्यात होतास."
मांडीपर्यंत, मी म्हटलं.
"किती वाजता?"
दहा. ऊन छान पाठीशी होतं.
"पाठीशी!" त्यांनी चिमटा खाली ठेवला.
"मग दिसणार काय?
लाटेचं तोंड धुतलेलं, एवढंच.
द्राक्ष घेताना मणी कसा बघतोस?
उन्हासमोर धरतोस ना?
तेव्हा कुठे आतली बी दिसते.
लाटेलाही आतून बघायचं असतं, बाबा."

तुम्ही खूप काढल्या असतील लाटा?
"एकही नाही.
समुद्र एकदाच गाठला, मेहुणीच्या लग्नात,
तोही रात्री.
नुसता ऐकला."

साडेपाचला ये म्हणाले.
मी गोदेवर जाऊन बसलो.
पाणी पायरीला लागून उभं,
कुणी सोडलेला द्रोण जागच्या जागी फिरत होता.
मला त्याचा राग आला, कारण नसताना.

साडेपाचला कॅमेरा तयार,
आणि उंबऱ्यात एक घंगाळ,
नुकतं मठारलेलं, अजून कुणाच्या न्हाणीत न गेलेलं.
"या गल्लीत ऊन अकरा मिनिटं येतं,
त्या दोन भिंतींच्या मधून.
बस खाली."

बसलो.
ऊन आलं.
अंगभर ठोके, आणि प्रत्येक ठोक्यात
आपापला वेगळा सूर्य.
आत भावाचा हातोडा चालूच होता,
फरशी हलायची, घंगाळ शहारायचं,
सूर्य एका खळग्यातून दुसऱ्यात सांडायचे.
"सगळ्यात उजळ ठोका शोध," मागून आवाज,
"त्याला जप. तो फुटू देऊ नकोस.
काळोखाची काळजी नको,
तो आपला आपण राहतो."

छत्तीस काढले. शेवटचे तीन ऊन गेल्यावर,
हट्टाने.

रीळ धुऊन आलं, कृष्णधवल.
समुद्र आणि तांबं ओळखू येत नाही
असं सांगायला मला आवडलं असतं.
तसं काही नाही.
घंगाळाचे कान दिसतात,
एका चौकटीत भावाची चप्पल आहे.
पण अठ्ठाविसाव्या चौकटीत
एक ठोका फुटता फुटता राहिलाय.
त्याच्या कडेला राखाडी,
राखाडीच्या आत आणखी एक, जराशी ओली.
बोर्डीला मी तेवढंच मागायला गेलो होतो
आणि मागायची रीत माहीत नव्हती.

पुन्हा जातोय, येत्या शनिवारी.
संध्याकाळी, सूर्य समोर घेऊन.
पैसे विचारले तर म्हणाले,
शटरचे दे, मिठाचे राहू देत.
येता का बरोबर, मी विचारलं.
खाली एक ठोका चुकला, पुन्हा पडला.
"मला एक खडा आण," म्हणाले,
"कोरडा. कागदात बांधून.
कॅमेऱ्यातून नको."